रोमन ब्राँझ नाणं हातात आलं तर ते वाचायचं कसं

सगळ्यात आधी हे सांगते, चिंच, लिंबू, पितांबरी यातलं काहीही त्या नाण्याला लावू नका. आपल्याकडे तांब्या-पितळेचं काहीही हिरवं-काळं दिसलं की हात आपोआप चिंचेकडे जातो, ती सवयच आहे आपली. माझ्या ओळखीतल्या एका काकांनी असंच रोमन सम्राट हेड्रियनचं एक सुंदर गडद हिरवं नाणं दिवाळीच्या आधी पूजेच्या तबकाबरोबर घासून काढलं, नाणं लखलखीत पिवळं झालं आणि चेहरा, दाढी, अक्षरं सगळं सपाट होऊन गेलं. तो हिरवा थर म्हणजे घाण नाही हो. जवळजवळ दोन हजार वर्षं मातीत राहून धातूचा वरचा भाग हळूहळू बदलतो आणि कोरलेले बारीक तपशील बऱ्याचदा त्या बदललेल्या थरातच शिल्लक राहिलेले असतात, तो थर काढला की खाली काहीच उरत नाही. त्यामुळे नाणं आधी वाचायचं, साफ करायचं की नाही हे नंतर बघू.

मी गेली काही वर्षं इंग्लंडमध्ये राहते, इथे शेतात, नदीकाठी रोमन नाणी इतकी सापडतात की जत्रेसारख्या भरणाऱ्या नाण्यांच्या बाजारात ट्रे भरभरून ठेवलेली असतात आणि अगदी साधं झिजलेलं नाणं थोड्याशा पौंडांत मिळून जातं. तिथूनच मला हा नाद लागला. बरेच जण नाणं हातात आलं की पहिला प्रश्न विचारतात किंमत किती, पण माझं म्हणणं असं की त्या नाण्यावर कुणीतरी काहीतरी बोललंय, ते आधी ऐका. वर्तमानपत्र नव्हतं, फोटो नव्हता, सिरियात भाजी विकणाऱ्या बाईला आपला राजा दिसतो कसा हे कळायचं एक साधन म्हणजे तिच्या हातात आलेलं तांब्याचं नाणं. सोन्याचं नाणं तिच्या हातात कितीदा येणार? म्हणून मला ब्राँझची नाणी जास्त आवडतात.

सामान फार लागत नाही. दहापट मोठं दाखवणारं भिंग (त्याहून जास्त पॉवरचं घेऊ नका, नजर ठरत नाही), व्यास मोजायला व्हर्नियर (प्लॅस्टिकचा, म्हणजे नाण्याला चरा पडणार नाही), सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल वजनकाटा, आणि एक टेबललॅम्प किंवा मोबाइलचा टॉर्च. नाणं धरायचं ते फक्त कडेला, बोटांच्या चिमटीत, खाली मऊ फडकं अंथरून, कारण हातातून निसटतंच कधीतरी. आणि उजेड वरून नाही टाकायचा, बाजूने टाकायचा, अगदी आडवा. वरून प्रकाश टाकला की झिजलेलं नाणं म्हणजे नुसता हिरवा गोटा दिसतो, तोच टॉर्च टेबलाच्या पातळीला आणून हळूहळू नाण्याभोवती फिरवला की अचानक एका बाजूने नाक वर येतं, मग हनुवटी, मग कडेला दोन अक्षरं. मला अजूनही दर वेळी तेवढीच मजा वाटते.

आता माप घ्या. सम्राट ऑगस्टसने इसवी सनापूर्वीच्या २३ च्या सुमारास नाण्यांची नीट घडी बसवली, त्यात मोठं ते सेस्टर्शियस, त्याच्या निम्मं ड्युपॉन्डियस, त्याच्या निम्मं अ‍ॅस आणि त्याच्या पावपट क्वाड्रन्स. चार सेस्टर्शियस म्हणजे चांदीचा एक डिनेरियस, पंचवीस डिनेरियस म्हणजे सोन्याचं एक ऑरियस. आपण सगळ्याला ब्राँझ म्हणतो खरं, पण सेस्टर्शियस आणि ड्युपॉन्डियस हे पितळेचे होते, तांबं आणि जस्त, आणि अ‍ॅस साध्या तांब्याचं. नवीन असताना एक सोनेरी पिवळं आणि एक लालसर, त्यामुळे बाजारात गोंधळ नव्हता, आज दोन्ही हिरवी होऊन आपल्यासमोर येतात म्हणून गोंधळ. तुमचं नाणं ३२-३४ मिलिमीटर आणि २५ ग्रॅमच्या आसपास असेल तर ते सेस्टर्शियस, हातात घेतल्याबरोबर कळतं, एवढं जाडजूड वजनदार नाणं आपल्या रोजच्या वापरात कधी आलेलंच नाही. २५-२८ मिलिमीटर आणि १०-१३ ग्रॅम असेल तर ड्युपॉन्डियस किंवा अ‍ॅस. या दोघांत फरक करायची खूण म्हणजे डोक्यावरचा मुकुट, नीरोच्या काळापासून ड्युपॉन्डियसवर सम्राटाच्या डोक्यावर सूर्यकिरणांसारखे टोकदार काटे यायला लागले, अ‍ॅसवर साधी पानांची माळ. नेहमीच असं नसतं, पण बहुतेक वेळा ही खूण चालते. आणि नाणं २० मिलिमीटरच्या आत असेल, पातळ असेल, तर ते बहुधा तिसऱ्या-चौथ्या शतकातलं, त्याची गोष्ट वेगळी आहे, खाली सांगते.

मग छापा बघा, म्हणजे डोक्याची बाजू. घाईने नाव शोधू नका, आधी डोकं बघा. दाढी आहे का? सम्राटांमध्ये पूर्ण दाढी ठेवायची पद्धत हेड्रियनने पाडली (११७ ते १३८), म्हणजे भरघोस दाढी असेल तर नाणं त्याचं किंवा त्याच्या नंतरचं असायची शक्यता जास्त. जाड मान, कुरळे केस, फुगलेले गाल म्हणजे नीरो. टक्कल, कपाळावर आठ्या, खेडेगावच्या पाटलासारखा रोखठोक चेहरा म्हणजे वेस्पासियन, आणि मला हे फार आवडतं की त्याने स्वतःला तरुण, देखणा दाखवायचा हट्ट केला नाही, नीरोनंतरच्या यादवीतून गादीवर आलेल्या माणसाला मी साधा शिपाईगडी आहे हेच लोकांना सांगायचं होतं. डोक्यावर मोत्यांची किंवा फुलांची पट्टी दिसली तर ते ख्रिस्ती धर्माला आधार देणाऱ्या सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळातलं किंवा त्यानंतरचं, कारण ती पट्टी नाण्यांवर ३२४ च्या सुमारास रुजली. डोक्यावरून पदर घेतल्यासारखं दिसत असेल तर माणूस बहुतेक वेळा मेल्यानंतर देव केलेला आहे किंवा धर्मकार्य करतोय.

राण्यांच्या बाबतीत तर केसच बघायचे. सम्राट अँटोनिनस पायसची बायको फाउस्टिना, तिचा अंबाडा अगदी डोक्याच्या वर, वेण्या गुंडाळून बांधलेला. तिच्या मुलीचं नावही फाउस्टिनाच, पण तिचा अंबाडा मानेवर, आणि पुढे केसांच्या लाटा. थोरली १४० च्या सुमारास वारली आणि नवऱ्याने तिच्या नावाने इतकी नाणी पाडली की तिची मेल्यानंतरचीच नाणी आज जास्त सापडतात, त्यावर नावाआधी दिवा (डी-आय-व्ही-ए) असा शब्द असतो, म्हणजे देवी झालेली. नाव अगदी झिजून गेलं असेल तरी अंबाडा कुठे आहे ते बघून आई की लेक सांगता येतं. ज्युलिया डोम्नाचे केस टोपासारखे जाड आणि आडव्या लाटांचे.

आता अक्षरं. इथे लोक घाबरतात, पण लॅटिन यायची गरज नाही, दहा-बारा आखूड शब्द ओळखता आले की नव्वद टक्के काम झालं. वाचायला सुरुवात बहुतेक वेळा डावीकडे खाली, घड्याळात सात-आठ वाजतात तिथून, आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेने वर जायचं. दोन शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, आणि डोकं मध्ये आलं की शब्द तिथेच तुटतो, त्यामुळे तुटला तिथे शब्द संपला असं समजू नका. आणखी एक, यू हे अक्षर तिथे नाहीच, त्याच्या जागी सगळीकडे व्ही. त्यामुळे ऑगस्टस ही पदवी ए-व्ही-जी अशी दिसणार. आय-एम-पी म्हणजे इंपरेटर, सेनापती-सम्राट, सी किंवा सी-ए-ई-एस म्हणजे सीझर, पी-एम म्हणजे मुख्य पुरोहित, पी-पी म्हणजे राष्ट्रपिता, सी-ओ-एस म्हणजे कॉन्सुल, रोममधलं मानाचं सर्वोच्च पद, आणि टी-आर-पी म्हणजे ट्रिब्यूनचा, म्हणजे लोकांच्या प्रतिनिधीचा अधिकार. हा शेवटचा सगळ्यात कामाचा, कारण तो अधिकार दर वर्षी नव्याने मिळायचा आणि पुढे आकडा लिहायचे, म्हणजे आकडा वाचला की वर्ष हातात आलं. चौथ्या शतकात सुरुवातच डी-एन ने होते, डॉमिनस नॉस्टर, म्हणजे आमचे धनी. पहिल्या शतकातला राष्ट्रपिता आणि चौथ्या शतकातला धनी, या दोन शब्दांत तीनशे वर्षांत राजा आणि रयतेचं नातं कुठून कुठे गेलं ते कळतं.

एक नाणं सोबत घेऊनच वाचूया. माझ्याकडचं अँटोनिनस पायसचं एक अ‍ॅस आहे, २६ मिलिमीटर, चॉकलेटी रंगाचं, अर्धी कड झिजलेली. छाप्यावर दाढीवाला, शांत चेहरा, माळ घातलेला. नाव अर्धं गेलंय, पण शेवटी टी-आर-पी आणि नंतर एक्स, व्ही, तीन रेघा दिसतात, म्हणजे अठरा. अठरावं वर्ष म्हणजे १५४-१५५. उलटवलं की काट्यावर, म्हणजे मागच्या बाजूला, एक बाई खडकावर बसलीय, डोकं एका हातावर टेकलेलं, खाली मान, जवळ ढाल आणि निशाण. वर गोलात ब्रिटानिया, आणि सी-ओ-एस पुढे चार उभ्या रेघा (रोमन लोक चार बहुधा असाच लिहायचे, आपल्या शाळेतल्या घड्याळासारखा आय-व्ही नाही). खाली एस आणि सी, म्हणजे सेनाटस कन्सुल्टो, सेनेटच्या ठरावाने, हे पितळी-तांब्याच्या नाण्यांवर सुरुवातीच्या तीनशे वर्षांत सतत दिसतं. ती बाई म्हणजे अख्खा ब्रिटन प्रांत. जिंकलेला, मान खाली घातलेला. आणि या प्रकारची नाणी जास्त करून ब्रिटनमध्येच सापडतात, उत्तर इंग्लंडमधल्या हेड्रियनच्या भिंतीजवळच्या कॉव्हेंटिना नावाच्या देवीच्या विहिरीत लोकांनी नवस म्हणून हजारो नाणी टाकली होती, त्यात हा प्रकार शेकड्यांनी निघाला. म्हणजे बघा, ज्यांना जिंकलं त्यांच्याच खिशात त्यांचं हे चित्र. पुढे १६७२ मध्ये इंग्लंडच्या राजाने तांब्याच्या नाण्यांवर हीच ब्रिटानिया परत आणली, पण तोवर ती अभिमानाने बसलेली होती.

काट्यावरची चित्रं ओळखायची युक्ती आपल्याला सोपी जाते, कारण आपण लहानपणापासून देव हातातल्या वस्तूवरून ओळखतो. वीणा दिसली की सरस्वती, तसंच इथे. पंख आणि हातात माळ म्हणजे व्हिक्टोरिया, विजय. सुकाणू आणि धान्य-फळांनी भरलेलं शिंग म्हणजे फोर्टुना, नशीब. तराजू आणि तेच शिंग म्हणजे एक्विटास किंवा मोनेटा, म्हणजे आमच्या नाण्याचं वजन चोख आहे हो, आणि हे चित्र चांदीत भेसळ वाढत गेली त्या काळातही जोरात चालू होतं. कणसं आणि धान्याचं माप म्हणजे अनोना, रोम शहराला धान्य पुरवणारी. सापाला वाटीतून खाऊ घालणारी सालुस, आरोग्य. फूल हातात धरून लुगड्याचा काठ किंचित उचलणारी स्पेस, आशा, ही फार गोड असते, चालता चालता थबकल्यासारखी. टोपी हातात असेल तर लिबर्टास, कारण गुलामाला मोकळं केलं की त्याला ती टोपी घालायचे. कधी कधी नुसती देवी नसते, बातमीच असते. वेस्पासियनच्या ७१ मधल्या सेस्टर्शियसवर खजुराचं झाड आणि त्याखाली रडत बसलेली बाई, ज्युडिया काप्टा, म्हणजे ज्यूंचा प्रदेश ज्युडिया जिंकला. ८० च्या सुमारास टायटसच्या नाण्यावर नवं कोरं कलोसियम, आत बसलेली माणसं बारीक टिंबांनी दाखवलेली.

आता छोट्या नाण्यांकडे येते, कारण नवशिक्याच्या हातात नव्याण्णव वेळा हीच येणार. तिसऱ्या शतकात सगळी घडी विस्कटली, भाव वाढले, सेस्टर्शियस बंदच पडलं. २९४ च्या सुमारास डायोक्लिशियनने नवं मोठं नाणं काढलं, साधारण १० ग्रॅमचं, वर चांदीचा पातळ मुलामा, त्याला आपण फॉलिस म्हणतो. तेही वीस-पंचवीस वर्षांत आकसत ३ ग्रॅमवर आलं. या काळातले चेहरे बघून कुणाचं नाणं ते सांगायला जाऊ नका, सगळे एकसारखे, मोठे डोळे, सरळ नाक, कारण आता माणूस नाही दाखवायचा, पद दाखवायचं होतं. इथे काटा आणि त्याच्या अगदी तळाशी आडव्या रेघेखालची अक्षरं महत्त्वाची. ती टांकसाळीची खूण. एस-आय-एस म्हणजे सिस्किया, आजचं क्रोएशियातलं सिसाक. टी-आर म्हणजे ट्रिअर, ए-एन-टी म्हणजे अँटिऑक, ए-एल-ई म्हणजे अलेक्झांड्रिया, पी-एल-एन किंवा पी-एल-ओ-एन म्हणजे चक्क लंडन. एस-एम सुरुवातीला आलं तर ते साक्रा मोनेटा, सम्राटाची टांकसाळ, गाव त्याच्या पुढच्या अक्षरात. आणि एखादं सुटं अक्षर, ए, बी, ग्रीक गॅमा किंवा डेल्टा, ते टांकसाळीतल्या कुठल्या कारखान्यात पाडलं ते सांगतं, म्हणजे नाणं हलकं भरलं तर कुणाला धरायचं ते ठाऊक.

सगळ्यात जास्त भेटणारं चित्र म्हणजे दोन शिपाई भाले-ढाली घेऊन समोरासमोर उभे, भोवती ग्लोरिया एक्झर्सिटस, सैन्याचा गौरव. मधल्या निशाणाच्या काठ्या मोजा. दोन असतील तर नाणं साधारण ३३० ते ३३५ मधलं, एकच असेल तर त्यानंतरचं, कारण नाणं आणखी लहान केलं आणि दोन काठ्यांना जागा उरली नाही. एवढ्याशा काठीवरून सरकारची तिजोरी कळते. घोड्यावरून पडणाऱ्याला भाल्याने भोसकणारा शिपाई दिसला तर ते ३४८ नंतरचं फेल टेंप रेपाराशियो, सुखाचे दिवस परत आले असा त्याचा अर्थ. लांडगीण आणि दूध पिणारी दोन बाळं म्हणजे अर्ब्स रोमा, ३३० पासूनचं, कॉन्स्टँटिनोपल नवी राजधानी झाली तेव्हा रोमचाही मान राहावा म्हणून दोन्ही शहरांची जोडीने नाणी पाडली.

यातलं माझं सगळ्यात लाडकं नाणं जेमतेम १५ मिलिमीटरचं आहे. कॉन्स्टंटाइन ३३७ मध्ये गेल्यावर त्याच्या मुलांनी पाडलेलं. छाप्यावर डोक्यावरून वस्त्र घेतलेला कॉन्स्टंटाइन. काट्यावर तो चार घोड्यांच्या रथात, हात वर केलेला, आणि वरून आभाळातून एक हात खाली त्याच्याकडे येतोय. तो हात भिंगातूनसुद्धा तांदळाच्या कणीएवढा दिसतो. मेलेल्या सम्राटाला देव करायची जुनी रोमन रीत, रथही जुन्या सूर्यदेवासारखा, पण वरचा हात ख्रिस्ती देवाचा. कुणालाच न दुखवता दोन्ही लोकांना आपापलं दिसावं असं चित्र एका शिंपल्याएवढ्या तांब्यावर कुणीतरी कोरलं.

खोट्या नाण्यांबद्दल थोडक्यात. खरी नाणी ठशावर हातोडा मारून पाडलेली, त्यामुळे कड ओबडधोबड, गोल पूर्ण नाही, कधी चिरलेली. कडेला सलग शिवण किंवा सगळीकडून घासल्याची खूण दिसली तर ते साच्यात ओतलेलं. पृष्ठभागावर बारीक बुडबुड्यांचे खड्डे, अक्षरं साबणाच्या वडीवरच्यासारखी गुळगुळीत, वजन फार कमी, ही सगळी ओतीव नाण्याची लक्षणं. आणि एकाच विक्रेत्याकडे दोन नाणी, दोन्हींवर नेमका तोच ओरखडा, तर लगेच परत ठेवा. सोळाव्या शतकात पाडुआच्या जोव्हानी दा काव्हिनोने सेस्टर्शियसच्या इतक्या सुंदर नकला केल्या की आज त्याच स्वतंत्रपणे जमवल्या जातात, पण त्या त्याच्या नावाने घ्यायच्या, नीरोच्या नाही.

साफ करायचंच असेल तर डिस्टिल्ड वॉटर. वाटीत बुडवून ठेवा, रोज पाणी बदला, आठवडे जाऊ द्या, मग लाकडी टूथपिकने मातीच तेवढी सोडवा. धातूची सुई, ब्रश, काहीही आंबट, अजिबात नाही. थर कडक आणि गुळगुळीत असेल तर नाणं निरोगी. पण फिकट पोपटी रंगाची पावडर दिसली, नखाने उडते अशी, तर तो रोग आहे, मिठातला क्लोराइड आणि दमट हवा मिळून धातू आतून खातात. ते नाणं लगेच बाकीच्यांपासून वेगळं करा, कोरडं करा, सिलिका जेलच्या पुड्या घालून घट्ट डब्यात ठेवा. मुंबईत, कोकणात, गोव्यात राहणाऱ्यांनी पावसाळ्याच्या चार महिन्यांत हे फार सांभाळायला हवं. आणि पीव्हीसीची मऊ पाकिटं नकोत, ती चिकट होऊन नाणं हिरवं करतात.

भारतात असाल तर आणखी एक. जमिनीत नाणी सापडली तर १८७८ च्या निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, आणि शंभर वर्षांपेक्षा जुनी नाणी खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत, १९७२ चा कायदा आहे तसा. आणि आपल्याकडे सापडू शकतात बरं का. उत्तरकालीन रोमन तांब्याची छोटी नाणी तमिळनाडूत आणि श्रीलंकेत भरपूर निघाली आहेत. महाराष्ट्रात तेरला रोमन नाण्यांची नक्कल करून मातीचे ताईत केलेले सापडले, म्हणजे सम्राटाचा चेहरा इथे दागिना झाला. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या उत्खननात समुद्रदेवाची छोटी ब्राँझ मूर्ती मिळाली. आणि नाण्यावरच्या चेहऱ्याचं राजकारण बघायचं असेल तर नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ मध्ये मिळालेला साठा, क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी, त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाच्या चेहऱ्यावरच आपला ठसा मारलेला. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात नाण्यांचं दालन आहे, नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संस्था आहे, तिथे जाऊन या.

शेवटी नाणं पक्कं ओळखायचं तर ओसीआरई नावाची मोफत ऑनलाइन सूची आहे, अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटी आणि न्यूयॉर्क विद्यापीठाची. त्यात सम्राट, टांकसाळ, काट्यावरचे शब्द, जेवढं वाचता आलं तेवढं टाका, अर्धा शब्द वाचला असेल तरी टाका, फोटो समोर येतात, मग एकेक अक्षर जुळवत बसा. जुळलं की एका जाड कागदाच्या चिठ्ठीवर सम्राट, वर्ष, टांकसाळ, वजन, माप, सूचीतला नंबर आणि कुणाकडून कधी घेतलं ते लिहा आणि चिठ्ठी नाण्याबरोबरच ठेवा. पेन्सिलने लिहा, पेनची शाई दमटपणात उतरते.